पदवी आणि पायरी : श्रमिकांच्या मुलांसाठी महाविद्यालय काय करू शकते?

जून उजाडला की कोल्हापुरातील महाविद्यालयांच्या कार्यालयांपुढे रांगा लागतात. अर्ज आता संगणकावर भरले जातात. तरी दाखले दाखवायला, सह्या घ्यायला आणि पैसे भरायला माणूस खिडकीशी उभा राहतोच. या रांगेत उद्यमनगरातील ओतशाळेत राबणाऱ्याचा मुलगा असतो. सुभाषनगरात चपला शिवणाऱ्याची मुलगी असते. इचलकरंजीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याचा, ऊसतोडीला जाणाऱ्याचा, दुसऱ्याच्या रानात भांगलण करणाऱ्या बाईचा मुलगा असतो. त्याच रांगेत वकिलाचे, डॉक्टरचे, प्राध्यापकाचे मूलही असते. रांग एक, अर्ज एक, पावतीचा कागद एक. त्यामुळे अनेक भल्या माणसांची अशी समजूत होते की इथपर्यंत आले म्हणजे सगळे समान झाले. पुढे ज्याची त्याची हुशारी आणि ज्याचे त्याचे कष्ट.

ही समजूत खोटी आहे. रांगेत उभे राहण्याआधीच एकाच्या पाठीशी तीन पिढ्यांचे शिक्षण उभे असते आणि दुसऱ्याच्या पाठीशी तीन पिढ्यांची मजुरी. महाविद्यालय हे अंतर तोडू शकते का? तोडू शकत असेल तर नेमके कशाने? आणि जिथे तोडू शकत नाही तिथे कोणती गोष्ट आड येते? या प्रश्नांची उत्तरे शोधायला कोल्हापूरइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल. कारण हा प्रयोग या गावाने सव्वाशे वर्षांपूर्वीच करून पाहिला आहे.

१. दार आणि जिना

समाजशास्त्राच्या पुस्तकात 'सामाजिक गतिशीलता' असा भारदस्त शब्द सापडतो. त्याचा साधा अर्थ असा की बाप ज्या पायरीवर जन्मला आणि मेला, त्या पायरीवरून लेकराने वर सरकणे. युरोपातल्या मजुराच्या दृष्टीने हा मुख्यतः उत्पन्नाचा प्रश्न असतो. आपल्याकडे तो तेवढाच नाही. १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' सुरू करताना बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. या मनोऱ्याला मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिनाच नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. अशा इमारतीत महाविद्यालय काढणे म्हणजे बाहेरून जिना बांधायला घेणे होय. म्हणून जिना कसा बांधला आहे, किती रुंद आहे, मध्येच तुटलेला तर नाही ना, हे पाहणे आपल्याला भाग आहे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक, दारातून आत किती जण आले. दोन, आत आलेल्यांपैकी किती जण वर पोचले. अमेरिकेत राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली तीन कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या उत्पन्नाच्या नोंदी पडताळून प्रत्येक महाविद्यालयाचा असाच हिशोब मांडला. सर्वांत गरीब अशा पाचव्या हिश्श्यातून किती मुले आली, आणि त्यांतली किती जण पुढे सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात गेली, या दोहोंचा गुणाकार त्यांनी केला. नामांकित, श्रीमंत विद्यापीठांत गेलेले गरीब विद्यार्थी वर चढतात खरे. परंतु तिथे गरीब मूल मुळात शिरतेच क्वचित. उलट लॉस अँजेलिसच्या सार्वजनिक राज्य विद्यापीठासारख्या, ज्यांचे नाव कोणी मिरवत नाही अशा संस्था गुणाकारात सर्वांत पुढे आल्या. तिथल्या शंभर विद्यार्थ्यांमागे सुमारे दहा जण तळातून येऊन माथ्यावर पोचले होते.

या गुणाकारात आपल्यासाठी मोठा धडा आहे. गुणाकारातला एक आकडा शून्य झाला तर उत्तर शून्यच. दार सताड उघडे आणि जिना मोडलेला, तर उपयोग नाही. जिना संगमरवरी आणि दार बंद, तरी उपयोग नाही.

२. कोल्हापूरने बांधलेला जिना

कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झाले. कागदोपत्री ते कोणा एका जातीचे नव्हते. पण खेड्यातल्या कुणब्याचे, धनगराचे, महारामांगाचे पोर तिथे येणार कसे? राहणार कुठे, जेवणार कुठे? १८९४ साली गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींसाठी म्हणून एक वसतिगृह काढले. नियमाने ते सर्वांचे होते; प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. सर्वांना सारखे उघडे ठेवलेले दार आधीपासून पुढे असलेल्यांच्याच उपयोगी पडते, हे महाराजांनी या अनुभवातून ओळखले. आजही पुष्कळ शिक्षणतज्ज्ञांना न उमगलेली गोष्ट या राजाला वयाच्या पंचविशीच्या आत उमगली होती.

मग त्यांनी पद्धत बदलली. १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहू लागली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मुंबईच्या तत्कालीन गव्हर्नरांच्या मुलीचे नाव त्याला दिले होते. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार वसतिगृहांनी जात पक्की होते, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. त्यात काही तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण ज्याला उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही, त्याला एकात्मतेवरचे व्याख्यान ऐकवून वर्गात बसवता येत नाही. आधी ताट, मग तत्त्वज्ञान, हा महाराजांचा क्रम होता.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी आज्ञा काढली की संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला तो १९१७ साली. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दरमहा एक रुपया दंड त्यात होता. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम १९१९ चा. क्रम पाहा : वसतिगृहे आधी, नोकरीची हमी त्यांच्या मागोमाग, सक्तीचे शिक्षण त्यानंतर. शिकून मिळते काय, या अडाणी बापाच्या रास्त प्रश्नाला उत्तर आधी तयार करून ठेवले होते. महाराजांनी अस्पृश्यांतून तलाठी नेमले, वकिलीच्या सनदा दिल्या. गावच्या चावडीबाहेर जोहार घालणाऱ्याचा मुलगा चावडीत बसून दप्तर लिहू लागला, हे दृश्य शंभर भाषणांपेक्षा अधिक मुले शाळेत आणणारे होते.

म्हणजे या जिन्याच्या तीन पायऱ्या होत्या. शिकायला जागा, शिकताना जगायची सोय, आणि शिकल्यावर काम. तिन्ही एकमेकींना जोडलेल्या. यांतली एक काढली की जिना कोसळतो.

मार्च १९२० मध्ये कोल्हापूरजवळच्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते आणि खुद्द महाराज तिथे आले होते. अध्यक्षपदावरचा तो तरुण या तीन पायऱ्यांचे चालतेबोलते उदाहरण होता. परळच्या चाळीतल्या एका खोलीत त्याने अभ्यास केला. केळुसकर गुरुजींनी त्याला सयाजीराव महाराजांपर्यंत नेले. दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर तो एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी. ए. झाला आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचला. प्रज्ञा त्याची स्वतःची होती, यात वाद नाही. पण एक शिक्षक आणि एक शिष्यवृत्ती मिळाली नसती, तर ती प्रज्ञा कुठल्या गिरणीच्या खात्यात झिजून गेली असती, हा विचार मनात येतोच. आणि जिला शिक्षकही भेटला नाही आणि शिष्यवृत्तीही मिळाली नाही, अशी प्रज्ञा किती गेली असेल, याची गणती कोणी केली आहे?

३. पोराचा वेळ कोणाचा?

मध्यमवर्गीय घरात मूल शिकते तेव्हा त्याचा खर्च म्हणजे फी, पुस्तके, कपडे. मजुराच्या घरात यापेक्षा मोठा खर्च असतो आणि तो कोणत्याही पावतीवर दिसत नाही. अठरा वर्षांचा मुलगा वर्गात बसला म्हणजे घरात येणारा एक हजेरीपट बुडाला. मुलगी कॉलेजला गेली म्हणजे धाकटी भावंडे, पाणी, चूल यांचा भार आईच्या रोजगारावर आला. फी माफ केली तरी ही बुडालेली मजुरी माफ होत नाही. म्हणूनच फी नसलेल्या महाविद्यालयातूनही मुले गळतात आणि बाहेरचे लोक म्हणतात, यांना शिकायचेच नाही.

या अडचणीवर आपल्या मुलखात दोन उत्तरे शोधली गेली. पहिले कर्मवीर भाऊराव पाटलांचे. कुंभोज हे त्यांचे जन्मगाव कोल्हापूर जिल्ह्यातच आहे आणि ते शिकलेही कोल्हापुरात. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राबत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला जेवत. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाल्यावर कोल्हापुरातही विद्यापीठाच्या आवारात 'कमवा व शिका' चालू झाले. या योजनेचे मर्म पैशाहून मोठे आहे. ज्या देशात हाताने काम करणारा हलका आणि पोथी वाचणारा थोर, तिथे खोरे आणि पुस्तक एकाच हातात देणे हा वर्णव्यवस्थेच्या मुळावरच घाव होता.

दुसरे उत्तर बाबासाहेबांचे. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून १९४६ च्या जूनमध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरत. तासिका पहाटे घ्या, एवढीच ही युक्ती. पण तिने कचेरीतल्या शिपायाला आणि कारकुनाला पदवीधर केले. महाविद्यालयाचे घड्याळ कोणाच्या दिवसावर लावलेले आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला. अकरा ते पाच हे घड्याळ ज्याला पोटासाठी काही करावे लागत नाही त्याचे असते. इचलकरंजीसारख्या मागांच्या गावात रात्रीचे महाविद्यालय चालते, त्यामागेही हीच समज आहे.

४. न शिकवलेला अभ्यासक्रम

जागा मिळाली, जेवण मिळाले, वेळही मिळाला. तरी एक भिंत उरते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

मी स्वतः महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न पुष्कळ होते. पण तोंड उघडले की गाव बाहेर पडेल, गावाबरोबर वाडा, आणि वाड्याबरोबर जात, ही भीती होती. 'न' आणि 'ण' यांच्या फरकावर वर्गात हशा पिकलेला मी पाहिला होता. पुढे कळले की शेजारच्या बाकांवर बसलेले आणखी चारपाच जण याच कारणाने गप्प होते. आम्ही एकमेकांनाही हे सांगितले नव्हते.

फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय यांनी या भिंतीला नाव दिले : सांस्कृतिक भांडवल. बाप मुलाला जमीन, पैसा देतो तशीच बोलण्याची ढब, पुस्तकांची ओळख, साहेबाशी कसे वागावे याचे भान हीदेखील वारशाने देतो. शाळा-महाविद्यालये ही ढब शिकवत नाहीत. ती असलेल्यांना मात्र 'हुशार' म्हणून गुण देतात. अशा रीतीने वारशाने मिळालेली गोष्ट परीक्षेच्या कागदावर गुणवत्ता होऊन बसते. आपल्याकडे या भांडवलावर शेकडो वर्षे एका वर्गाची मक्तेदारी धर्मानेच ठरवून दिली होती, हे आणखी वेगळे.

अर्ज कुठे मिळतो, कोणता विषय घेतला तर पुढे कोणती वाट उघडते, प्राध्यापकाला वर्गाबाहेर भेटता येते, परीक्षेत उत्तर किती लिहायचे, स्पर्धापरीक्षेचे वय कधी निघून जाते, शिफारसपत्र म्हणजे काय : हा सगळा अभ्यासक्रम कुठल्याच पुस्तकात छापलेला नाही. शिकलेल्या घरातले मूल तो जेवताना ऐकत मोठे होते. श्रमिकाचे मूल त्यात नापास होते, आणि नापास कशात झालो हेही त्याला कळत नाही.

महाविद्यालयाचे खरे काम इथे सुरू होते. जे घरात मिळत नाही ते वर्गात उघड उघड शिकवायचे. इंग्रजी शिकवायचे, पण मुलाची बोली हा त्याचा गुन्हा न मानता. याचे मोठे उदाहरण औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. बाबासाहेबांनी १९५० साली तिथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठसुद्धा नव्हते. खेड्यापाड्यांतून अनवाणी आलेली मुले तिथल्या वसतिगृहांत राहिली. तिथे त्यांना पदवी तर मिळालीच. शिवाय आपण जगलो ते सांगण्याजोगे आहे, आपली भाषा लिहिण्याजोगी आहे, असे सांगणारे म. ना. वानखडे यांच्यासारखे प्राचार्य आणि गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक भेटले. दलित साहित्याची चळवळ ज्या जागांतून उभी राहिली त्यांत या महाविद्यालयाचे स्थान मोठे आहे. ज्या जगण्याची लाज वाटत होती ते जगणेच ज्ञानाचा विषय झाले. गप्प बसलेला विद्यार्थी बोलू लागला तो असा.

५. कागदांची गावकूस

आता आजच्या दिवसांकडे येऊ. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांच्या आग्रहाने १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज ऐंशी वर्षांनंतरही आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणाचा तोच कणा आहे. २०२० च्या डिसेंबरात केंद्र सरकारने तिच्या खर्चाची वाटणी ठरवली : साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्याजेवण्याचे पैसे खात्यावर देणारी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना राज्याने २०१६-१७ पासून चालवली आहे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. धर्मांतरित बौद्धांना महाराष्ट्राने आपल्या सवलती १९६० साली दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी त्यांना १९९० पर्यंत थांबावे लागले, हेही नव्या पिढीने लक्षात ठेवावे.

योजना आहेत. पण योजना आणि विद्यार्थी यांच्यामध्ये कागदांची एक गावकूस उभी आहे. जातीचा दाखला, जातपडताळणी, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेले बँकखाते. जात सिद्ध करायला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. सर्वांत सोपा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला. आता यातला क्रूर विनोद पाहा. ज्याच्या आजोबाला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्याकडेच त्या शाळेचा दाखला मागितला जातो. ज्यांना पाल टाकून फिरावे लागले, त्यांच्याकडे राहत्या घराचा पुरावा. जो जितका खोल गाडलेला, त्याच्याजवळ कागद तितके कमी.

शिवाय पैसा येतो तो उशिरा. वर्ष सरत आले तरी हप्ता न आलेली मुले दरवर्षी दिसतात. तोवर खानावळीची उधारी चढते, घरमालक तोंड फिरवतो, आणि निकाल किंवा दाखला फीसाठी अडवून धरणारी एखादी संस्थाही भेटते. सरकारच्या हिशोबात त्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळालेली असते. विद्यार्थी मात्र केव्हाच बांधकामावर गेलेला असतो.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले, तेव्हा सरकारचा शिक्षणावरचा पैसा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो, हे त्यांनी दाखवून दिले होते. शिष्यवृत्त्या अशा रीतीने द्या की ज्या वर्गांत शिक्षण पोचलेले नाही त्यांना त्या मिळतील, अशी त्यांची मागणी होती. शिष्यवृत्ती देण्याची रीत हाच तिचा अर्धा अर्थ असतो, हे जोतीरावांनी तेव्हाच सांगून ठेवले.

६. जिन्याचे वरचे टोक

दाराचे काय झाले? केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात अठरा ते तेवीस वयोगटाच्या प्रमाणात महाविद्यालयीन नोंदणी २८.४ टक्के होती. अनुसूचित जातींत ती २५.९ आणि अनुसूचित जमातींत २१.२. शंभर वर्षांपूर्वीच्या तुलनेत हे अंतर पुष्कळ तुटले आहे. हे आपोआप झालेले नाही. चळवळीने, कायद्याने आणि आईबापांच्या पोटाला घेतलेल्या चिमट्याने झाले आहे.

पण सगळे एकाच दारातून आत गेलेले नाहीत. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची वाट मोकळी झाली. ज्याच्याकडे पैसा त्याला अभियांत्रिकी, वैद्यक, व्यवस्थापन. ज्याच्याकडे नाही त्याला तालुक्याच्या गावातली साधी पदवी, जिथे प्राध्यापकच तासिकेवर राबतो. साधी पदवी हलकी आहे असे माझे म्हणणे नाही. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र शिकूनच आपल्या माणसांनी समाज हलवला. पण त्या पदवीपुढे पूर्वी सरकारी नोकरीचा एक दरवाजा होता, आणि तो दिवसेंदिवस आक्रसत गेला आहे. कायम जागा कंत्राटी झाल्या. कंत्राटात आरक्षण पातळ होते, आणि खाजगी क्षेत्रात ते नाहीच. शाहू महाराजांनी जी पायरी सक्तीच्या शिक्षणाच्याही आधी बांधली, तीच आज सर्वांत आधी मोडते आहे.

अशा वेळी महाविद्यालयाने हात वर करू नयेत. नोकऱ्या निर्माण करणे त्याच्या हाती नाही, हे खरे. पण ओळखी जोडून देणे त्याच्या हाती आहे. खाजगी जगात काम मिळते ते बहुधा ओळखीने. आणि ओतशाळेतल्या मजुराची ओळख असते ती दुसऱ्या मजुराशी. त्याच्या मुलाला उद्यमनगरातल्या कारखान्यात, शिरोळी किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत हिशेबनीस म्हणून, तंत्रज्ञ म्हणून कोणी आत नेऊन बसवले पाहिजे. बाप ज्या फाटकातून भट्टीकडे जातो, त्याच फाटकातून लेकराने नकाशे काढणाऱ्या खोलीकडे जायचे आहे. चपला शिवणाऱ्याच्या मुलीला वाणिज्य शाखेत जे शिकवता, त्यात तिच्या घरच्या धंद्याचा हिशोब का असू नये? २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक ओळखीचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचा फायदा शिवणाऱ्याला कसा होईल आणि दलालाला किती जाईल, हा पदवीच्या वर्गातला उत्तम धडा ठरेल.

७. महाविद्यालयाने काय करावे?

वरच्या विवेचनातून काही गोष्टी सरळ निघतात. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे कागद पाहणारा माणूस महाविद्यालयात असावा. पडताळणीचा अर्ज कसा करायचा हे त्याने बसून दाखवावे. शिष्यवृत्ती येईपर्यंत पैशासाठी विद्यार्थ्याला अडवू नये. पाठ्यपुस्तके ग्रंथालयाने वर्षभरासाठी द्यावीत. आठवड्याने परत करायचे पुस्तक मजुरी करणाऱ्याच्या उपयोगाचे नाही. सकाळचे किंवा संध्याकाळचे वर्ग असावेत. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा असावा की ज्याला प्रत्येकाचे घर माहीत आहे, आणि सलग चार दिवस मूल दिसले नाही तर जो निरोप पाठवतो. इंग्रजीचा जादा वर्ग 'कच्च्यांचा वर्ग' म्हणून न भरवता सर्वांसाठी भरवावा. जुन्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा हार घालायला बोलावण्यापेक्षा नव्यांच्या शेजारी बसायला बोलवावे.

आणि अपमानाची दाद लागावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली नियम करून जातिभेदाच्या तक्रारीसाठी समान संधी कक्ष आणि अधिकारी नेमायला सांगितले होते. त्यानंतर चार वर्षांनी, १७ जानेवारी २०१६ रोजी, हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाने आपला जीव संपवला. दार उघडे होते, शिष्यवृत्ती कागदावर होती, नियमही होते. नियम भिंतीवर टांगून भिंत पडत नाही.

८. वर गेलेल्याचे देणे

शेवटी एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. एक मुलगा वर गेला म्हणजे वस्ती वर गेली असे होत नाही. कधी कधी उलटच होते. पदवी मिळते, नोकरी लागते, घर दुसऱ्या उपनगरात होते, आडनाव बदलते, आणि वस्तीत जो एक लिहू-वाचू शकणारा माणूस होता तोही जातो. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपल्या शिकलेल्या माणसांविषयी जी खंत बोलून दाखवली ती हीच. तरीही सगळा दोष त्या एकट्या मुलावर टाकणे न्यायाचे होणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसलेल्याला अपमानापासून दूर जावेसे वाटले तर त्यात नवल नाही. पण दूर जाऊन तो सुटत नाही. नव्या उपनगरातही भाड्याचे घर विचारताना आडनाव विचारतातच. जिना नसलेल्या मनोऱ्यात एकट्याने दोरीवरून वर चढता येते. जिना मात्र अनेकांनी मिळूनच बांधावा लागतो.

म्हणून जो पोचला त्याने फार मोठे काही करावे अशी अपेक्षा नाही. पुढच्या जूनमध्ये एक दिवस सुट्टी काढावी. ज्या खिडकीपुढे आपण कधीकाळी कागद छातीशी धरून उभे होतो, तिथे जावे. रांगेत एखादी मुलगी असेल, तिच्या हातात अर्धे कागद असतील आणि खिडकीतला माणूस तिला 'उद्या या' म्हणत असेल. तिच्या बापाची एक हजेरी आज बुडालेली आहे, उद्याची दुसरी बुडेल. तिच्याजवळ जाऊन विचारावे, बाळ, कोणता कागद राहिला? मग तो मिळेपर्यंत तिच्यासोबत तिथेच उभे राहावे.